श्रीखंडाच्या डब्यातलं माणिक

मे महिन्यात जळगावात पंखा बंद करायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला आमच्या दुकानात आणणारी मीच होते.

दुकान सराफ बाजारातलं. पुढे शोरूम, तिथे एसी. पण तो गिऱ्हाइकांसाठी. मागच्या खोलीत एक संगणक, दुरुस्तीला आलेल्या दागिन्यांचं कपाट, मी आणि एक पंखा. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. अशा दुपारी नाना आत आले, खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली, वर पाहिलं आणि म्हणाले, "हा बंद करा."

मला वाटलं, पंखा आवाज करतो म्हणून म्हणत असतील. म्हटलं, "नाना, सवय होईल आवाजाची."

"आवाजाचं काय घेऊन बसलात? वाऱ्याने अंगठी हालते."

अंगठी टेबलावर निवांत पडली होती. ती हालत नाही, असं मी सांगून पाहिलं. "तुम्हाला दिसत नाही, मॅडम. कॅमेऱ्याला दिसतं," असं म्हणून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पुढचे पाच महिने माझ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या डोळ्यांना जास्त मान मिळाला. फोटो निघत असताना खोलीत चालायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंकायचं. एकदा बंदूकधारी रखवालदार पाणी प्यायला मागे आला तर नाना ओरडले, "हालू नका! बठ्ठा जागेवर!" बिचारा हात वर करून उभा राहिला. त्याला वाटलं, दरोडाच पडला.

नानांना मी लहानपणापासून ओळखत होते. ते मूळचे सोनगीरचे. घरात तांब्यापितळेची भांडी घडवायचा पिढीजात धंदा. नानांनी तो केला नाही. वडिलांनी ठोकलेली एक पितळी वाटी तेवढी उचलली आणि धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ टाकला. तो स्टुडिओ बुडाला कसा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. नाना सोडून. नाना सांगायचे की मोबाइलमुळे बुडाला. खरं कारण असं की नाना माणसाचा फोटो माणसासारखा काढायचे.

माझ्या दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो त्यांनीच काढलेला. हनुवटीवरचा फोड त्यात इतका स्वच्छ आला होता की परीक्षेच्या वर्गात तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी आधी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरा झाला का गं?" मागच्या बाकावरच्या पोरी पेपर संपेपर्यंत हसत होत्या.

पण मी एकटी नव्हते. गल्लीतल्या एका मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो नानांनी काढला. तिचे वडील तो घेऊन परत आले आणि काउंटरवर आपटून म्हणाले, "नाना, आमची पोरगी अशी दिसते?"

"अशीच दिसते," नाना म्हणाले. "तुम्ही चष्मा लावत नाही."

त्यानंतर गल्लीतली लग्नं दुसऱ्या स्टुडिओकडे जाऊ लागली. नानांनी शटर ओढलं, मुलीच्या सासरगावी म्हणून जळगावला आले, दोन खोल्या घेतल्या आणि माणसांचे फोटो काढणं कायमचं सोडलं. "माणूस हालतो," ते सांगायचे, "आणि वर तक्रार करतो." त्यापेक्षा तांदळाचा दाणा बरा, मुंगळा बरा, शर्टाचं बटण बरं. त्यातही मुंगळा हालतो, पण त्याच्या तक्रारी नानांपर्यंत पोहोचत नसाव्यात.

आमच्या शेठना दागिन्यांचे मोठे मोठे फोटो हवे होते. म्हणजे असे की मोबाइलवर उघडले तर नथीतला एकेक मोती दिसावा. पुण्याच्या फोटोग्राफरने जो आकडा सांगितला तो ऐकून शेठनी फोनच उलटा ठेवला. तेव्हा मी आगाऊपणा केला. म्हटलं, "शेठ, माझ्या ओळखीचे एक नाना आहेत."

नानांच्या पिशवीतून पहिल्या दिवशी ज्या वस्तू निघाल्या त्या पाहून शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा फोटोग्राफर आहे की भंगारवाला?" कॅमेरा जुना होता, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला. लेन्स त्यावर उलटी बसवलेली. म्हणजे जी बाजू कॅमेऱ्याकडे हवी ती दागिन्याकडे. नळाच्या प्लॅस्टिक पाइपचा एक तुकडा कापून, काळा रंग देऊन, मध्ये घातलेला. "लेन्स उलटी केली की लांबचं दिसत नाही, जवळचं राक्षसासारखं दिसतं," नानांनी समजावलं. "लोक यासाठी हजारो रुपये घालतात. उजेड फुकट शे, मॅडम. अक्कल फुकट नही."

नाना एरवी आमच्यासारखंच बोलत. अंगात आलं की अहिराणी सुरू व्हायची.

मग निघाला श्रीखंडाचा डबा. पांढरा, एक किलोचा, तळाला गोल भोक पाडलेला. तो अंगठीवर पालथा घालायचा, बाहेरून दोन बाजूंनी दोन साधे एलईडी बल्ब लावायचे आणि वरच्या भोकातून फोटो काढायचा. उजेड डब्याच्या पांढऱ्या अंगातून झिरपून मऊ होतो आणि सोन्यावर चरचरीत चमक उठत नाही. डबा नवीनच रिकामा केलेला होता. दोन महिने आमच्या खोलीला वेलदोड्याचा वास येत होता, आणि दर दुपारी चारच्या सुमारास मला भूक लागायची. हिऱ्याच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून काळी पट्टी लागते; त्यासाठी नानांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्सरे कापला होता. आमच्या कॅटलॉगमधल्या प्रत्येक हिऱ्याच्या बाजूला नानांचा झिजलेला गुडघा उभा होता, हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. आणि कॅमेरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायला त्यांनी शेवयांच्या जुन्या साच्याचा स्क्रू वापरला होता. एक आटा फिरवायचा, फोटो. पुन्हा एक आटा, फोटो. असे चाळीस फोटो काढून मी ते संगणकावर एकात एक मिसळायचे, तेव्हा कुठे अख्खी अंगठी स्पष्ट दिसायची.

फोटो मात्र उत्तम आले. दुर्दैव तेच.

पहिला फोटो पाटलीचा. शेठनी तो पडद्यावर पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय आहे?"

"जोड," नाना कौतुकाने म्हणाले. "इथे कारागिराचा हात घसरलाय. आणि हा बारीक खड्डा पाहा. कसा आलाय!"

"नाना, लोकांना पाटली विकायची आहे. तिचं ऑपरेशन नाही करायचं."

दुसरा फोटो मोहनमाळेचा. त्यात खड्डे नव्हते, पण प्रत्येक मण्यात नाना होते. सोनं आरशासारखं असतं. समोर जे असेल ते त्यात दिसतं. त्र्याण्णव मण्यांत त्र्याण्णव नाना, टक्कल, चष्मा आणि उघड्या तोंडासह. शेठ म्हणाले, ही माळ कोणती बाई गळ्यात घालील? दुसऱ्या दिवशी नाना घरून पांढरी चादर घेऊन आले. तिला मध्ये भोक पाडून, त्यातून लेन्स बाहेर काढून, ते चादरीखाली शिरले. एक गिऱ्हाईक बाई स्वच्छतागृह शोधत चुकून आमच्या खोलीत आल्या. चादरीतून आवाज आला, "श्वास धरा." त्या बाईंनी आमच्याकडे नंतर काही घेतल्याचं मला आठवत नाही.

शेवटी ठरलं असं की नानांनी जसं आहे तसं काढायचं आणि मी ते जसं असायला हवं तसं करायचं. जोड पुसायचे, खड्डे बुजवायचे, पिवळ्या रंगाला थोडं आणखी पिवळं करायचं. त्या कामात माझा हात चांगला होता. नाना त्याला 'मॅडमचं झाडूकाम' म्हणायचे आणि मी ते करत असताना तोंड फिरवून बसायचे, एखाद्याने समोर जेवताना मचमच करावी तसे.

नानांना आणखी एक खोड होती. टेबलावर जे येईल त्याचा फोटो. विचारणं नाही, परवानगी नाही. माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा त्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या चटणीत खडा आहे." होता. दुरुस्तीला आलेले दागिने आमच्या टेबलावरूनच कारागिराकडे जायचे आणि तिथेच परत यायचे. त्या सगळ्यांचे फोटो त्यांनी काढून ठेवलेले. कुणी मागितले नव्हते, कुणी पाहतही नव्हतं.

खडे बसवायचं काम रफिकभाई करायचे. साठीचे, बारीक, कायम मान किंचित वाकवलेले. आजोबांपासून हेच काम. बाजारामागच्या बोळात एक माणूस बसेल एवढी त्यांची जागा. दुपारी ते काम न्यायला यायचे. नानांचा आणि त्यांचा रोजचा वाद ठरलेला. रफिकभाई म्हणायचे, "नाना, खडा बोटाला कळतो. तुमच्या मशीनला काय कळतंय?" नाना म्हणायचे, "तुमच्या बोटाला कळतं ते बोटातच राहतं. माझं चार लोकांना दिसतं." पण फोटो काढताना खोलीत न हालता बसणारा माणूस तो एकच. नाना त्यांच्यावर खूश होते. फक्त ते कधी बोलून दाखवलं नाही.

श्रावणात एक अक्का आल्या. रावेरकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. सत्तरीच्या असतील. बरोबर मोठी सून. त्यांच्या अंगठीतलं माणिक ढिलं झालं म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी ती आमच्याकडे दिली होती. रफिकभाईंनी ते पुन्हा घट्ट बसवलं, अंगठीला पॉलिश केलं, अक्का घेऊन गेल्या. आता त्या शोरूमच्या मधोमध उभ्या होत्या आणि अंगठी काचेच्या काउंटरवर ठेवलेली होती.

"भाऊ, हे मव्हं माणिक नाही," त्या शेठना म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "सुनेचं मंगळसूत्र कराले भुसावळले गेलतो. तिथल्या सराफाले सहज दाखवली. तो म्हणे, अक्का, हे काच हाये. मी तुम्हाले माणिक देलं होतं."

शोरूममध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. दोघांनीही हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या.

शेठनी अक्कांना बसवलं, चहा मागवला, अंगठी डोळ्याला लावून पाहिली आणि हळूच म्हणाले, "अक्का, दुकान असं करणार नाही. तुम्ही आमच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या. पण काम आम्ही कारागिराकडे देतो. कारागिराच्या मनात काय येतं ते आपण कसं सांगणार? तुम्ही उद्या दुपारी या. त्याला समोर बसवतो."

मी दाराशी उभी होते. शेठनी अंगठी डोळ्याला लावली तेव्हा काही क्षण त्यांचा हात थांबला होता, ते मी पाहिलं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

सराफ बाजारात बातमीला पाय लागत नाहीत. संध्याकाळच्या आत दोन दुकानांनी रफिकभाईंकडे पाठवलेलं काम 'घाई नाही' म्हणून परत मागवलं. कारागिराला तिथे पाटी नसते, जाहिरात नसते. लोक विश्वासाने सोनं हातात देतात तेवढंच त्याचं दुकान. रफिकभाई मागच्या खोलीत येऊन बसले. मी म्हटलं, "रफिकभाई, तुम्ही सांगा ना शेठना."

"काय सांगू, बेटी?" ते म्हणाले. "मी बदललं नाही, एवढंच सांगू शकतो. दुसरं सांगता येत नाही."

दुसरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. नाना तोवर स्वतःच्या फोटोंत शोधत होते. "मॅडम, हे पाहा. अंगठी आली त्या दिवशीचा."

फोटो पडद्यावर उघडला. माणिक बोराएवढं दिसत होतं. एका कोपऱ्यात वरून आत गेलेली एक तिरपी रेघ, नखाच्या ओरखड्यासारखी. आम्ही दुरुस्तीनंतरचा फोटो शेजारी उघडला. तीच रेघ, तोच कोन, टोकाला तोच बारीक फाटा. खडा तोच होता. रफिकभाईंनी डोळे मिटले आणि नुसतं "या अल्ला" म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही फोटो घेऊन थेट शेठच्या केबिनमध्ये गेले.

शेठनी फोटो पाहिले. रेघेकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांचं बोट पडद्यावर, रेघेच्या खाली गेलं. तिथे, खोल आत, एक बुडबुडा होता. अगदी गोल.

"खऱ्या माणकात असं नसतं," ते म्हणाले. "अंगठी माझ्या वडिलांच्या हातची आहे. अक्कांच्या लग्नातली. वडिलांनाही कुणीतरी फसवलं असेल. नसेलही."

मला तेव्हा कळलं. खडा तोच होता, आणि तो पहिल्या दिवसापासून काचच होता. रफिकभाईंना हातात घेतल्याबरोबर कळलं असणार. बोटाला कळतो म्हणायचे ना. आणि ते दुकानाची इज्जत म्हणून गप्प बसले होते. ज्या दुकानाने आळ घ्यायला त्यांना पुढे केलं होतं, त्याच दुकानाची.

"मॅडम," शेठ म्हणाले, "रेघ राहू द्या. बुडबुडा काढा. दोन्ही फोटोंतून. रफिक सुटतो, आपणही सुटतो. अक्कांना सांगू, खडा तोच आहे, भुसावळवाल्याला कळत नाही."

मी काही म्हणायला तोंड उघडलं.

"रफिकला वाचवायचंय ना तुम्हाला?" ते म्हणाले.

वाचवायचं होतं. म्हणून मी तो बुडबुडा काढला. दीड मिनिट लागलं. शेजारचा लाल रंग उचलायचा, वर पसरायचा, कडा मऊ करायच्या. चारशे दागिन्यांचे खड्डे मी असेच बुजवले होते. हात जराही थांबला नाही, हे आज सांगताना मला जास्त लाज वाटते. अक्का खोट्या ठरतील, सुनेदेखत, हे मला कळत होतं. पण रफिकभाईंचं नाव मोठं करून मी ते झाकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठच्या केबिनमध्ये आम्ही सगळे बसलो. अक्का आणि सून, रफिकभाई, शेठ, मी. नानांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपण होऊन आले, कारण त्यांचे फोटो मोठ्या पडद्यावर लावणार असं त्यांनी ऐकलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मी फोटो लावले. शेठनी अक्कांना रेघ दाखवली, आधीची, नंतरची. "पाहा अक्का, रेघ तीच. माणिक तेच. रफिकने काही केलं नाही."

अक्कांनी पुढे वाकून पाहिलं. एकदा, दोनदा. मग त्या रफिकभाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले माफ कर. मी तुह्यावर आळ घेतला." त्यांनी हात जोडले. सून खाली बघत होती. घरी जाऊन ती काय बोलणार, ते तिच्या मानेवरूनच कळत होतं. रफिकभाईंनी अक्कांचे हात धरून खाली केले. त्यांना अक्कांकडे बघवत नव्हतं.

शेठ खुर्चीत मागे टेकले. झालं होतं.

"हाऊ मना फोटो नही," नाना म्हणाले.

शेठ घाईने म्हणाले, "नाना, झालंय आता काम."

"हा माझा फोटो नाही!" नाना उठून पडद्याजवळ गेले. नाक लागेल इतके जवळ. "बुडबुडा कथा गया? मॅडम, बुडबुडा होता इथे! त्याच्यासाठी मी बल्ब हातभर मागे नेला, वडिलांच्या पितळी वाटीने खालून उजेड मारला. एवढा स्वच्छ बुडबुडा मला आयुष्यात आला नाही!"

"नाना, बसा," शेठ म्हणाले.

नानांनी ऐकलं नाही. त्यांनी खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, मला बाजूला सारून संगणकात घातलं आणि मूळ फोटो उघडला. पूर्ण पडदाभर. लाल अंधारात तरंगणारा तो एक थेंब. "दखा अक्का, दखा! कसा गोल शे! जसा काय मोती!"

लोक नंतर बोळात सांगत की नाना सत्याला जागले. मी तिथे होते. नाना सत्याबित्याला जागले नव्हते. अक्का कोण, अंगठी कुणाची, बुडबुड्याने कुणाचं काय होणार, यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांचा उत्तम फोटो कुणी खराब केला होता आणि त्यांना तो नीट दाखवायचा होता, बस्स. अख्ख्या खोलीत तेवढ्या क्षणी आनंदात असलेला माणूस तो एकच होता.

अक्का बुडबुड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी शेठना नाही, रफिकभाईंना विचारलं, "भाऊ, हे असं माणकात असतं का?"

रफिकभाईंनी शेठकडे पाहिलं. शेठ टेबलाकडे पाहत होते.

"नाही, अक्का," रफिकभाई म्हणाले. "काचेत असतं. ही पहिल्यापासून काच आहे. मला माहीत होतं. माझं चुकलं, मी बोललो नाही."

अक्कांनी पिशवीतून अंगठी काढली, सुनेच्या हातात दिली. सुनेने ती शेठच्या पुढ्यात ठेवली, थोडी आवाज होईल अशी. अक्का उभ्या राहिल्या. "माणिक बसवून द्या," त्या म्हणाल्या. "खरं. बसवील हा रफिकभाऊ. आन् फोटो काढतील हे बुडबुडेवाले. मी समोर बसून पाहीन." दारापाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तो तू काढला होता का?"

मी हो म्हटलं. त्या सुनेचा हात धरून बाहेर पडल्या.

खरं माणिक पंधरा दिवसांत बसलं. अक्का समोर बसल्या होत्या. काम संपल्यावर शेठनी नानांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नानांनी कारणही विचारलं नाही. डबा, वाटी, गुडघा आणि शेवयांचा साचा पिशवीत भरला आणि गेले.

पण बोळातल्या कारागिरांनी गोष्ट ऐकली होती. कुणाचंही काम हातात घेण्याआधी ते आता दागिना नानांच्या दोन खोल्यांत नेऊ लागले. आधीचा फोटो, मग काम, मग नंतरचा फोटो. पहिले गेले रफिकभाई. नाना कुरकुरायचे, की मुंगळ्यांना वेळ उरत नाही. आणि आमच्या शेठनी तीन महिन्यांत शोरूमच्या दारावर पितळी अक्षरांत पाटी लावली: 'प्रत्येक दुरुस्तीचा आधीचा व नंतरचा फोटो. पारदर्शकता हीच आमची परंपरा.' गिऱ्हाइकं पाटीसमोर उभी राहून सेल्फी घेत. त्या फोटोंसाठी नवा फोटोग्राफर ठेवला होता. त्याचा उजेड झगझगीत होता आणि त्यात कुठलाही बुडबुडा दिसत नसे.

मी वर्षभरात ती नोकरी सोडून धुळ्याला परत आले. जाण्याआधी एकदा नानांकडे गेले. माफी मागायची म्हणून आठ दिवस मनात वाक्यं जुळवली होती. नाना जमिनीवर पालथे पडून कांद्याच्या पातीवरच्या मावा किडीचा फोटो काढत होते. मी दाराशी उभी राहिले. फोटो निघेपर्यंत त्यांनी मला हाताने थांबवून ठेवलं.

मग मी बोलले. जे जुळवलं होतं ते सगळं. रफिकभाईंना वाचवायचं होतं, पण अक्कांना खोटं पाडलं, मला माहीत होतं तरी पाडलं, आणि त्यासाठी तुमचा फोटो वापरला. नानांनी लेन्स पुसत सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही काढला, ते काढला," ते शेवटी म्हणाले. "शेठने सांगितलं, नोकरी होती. पण मॅडम, काढायचाच होता तर नीट तरी काढायचा. तिथला लाल वेगळा होता. खाली जरा काळसर, वर गुलाबी. तुम्ही वरचा उचलून खाली लावला. मला दारातूनच दिसलं."

मला राग आला. आठ दिवस मी झोपले नव्हते, आणि हा माणूस मला रंग जुळवायला शिकवत होता. घरी येऊन मी तो फोटो पुन्हा उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. नाना बरोबर होते. जिथे बुडबुडा होता तिथे एक फिकट गोल डाग राहिला होता.